अपडेटच्या आडून होणारी विक्री कशी थोपवावी

टिपणे ठेवण्याच्या ॲपमधले पीडीएफ काढण्याचे बटण कालपर्यंत जिथे होते तिथेच आजही असते. फक्त रात्री झालेल्या अपडेटनंतर त्याच्या कोपऱ्यात एक बारीक सोनेरी मुकुट आलेला असतो. बटण दाबले, की पीडीएफ तयार होण्याऐवजी स्क्रीनभर सबस्क्रिप्शनची जाहिरात उघडते. तिच्यात वर्षभराची योजना आधीच निवडून ठेवलेली असते, मोफत चाचणी सुरू करण्याचे बटण ठळक रंगात असते आणि जाहिरात बंद करण्याची फुली वरच्या कोपऱ्यात फिकट राखाडी रंगात, तीही काही सेकंद थांबवून मग उमटते. कायमचा नकार देण्याची सोय कुठेच नसते. ‘आत्ता नको’ एवढेच म्हणता येते, आणि मग दोन दिवसांनी तीच जाहिरात पुन्हा समोर येते.

अशा वेळी वैतागून पुष्कळ लोक फोनमधली सगळीच अपडेट बंद करून टाकतात. तो उपाय रोगापेक्षा जबर ठरू शकतो, कारण ज्या मार्गाने ही विक्री फोनमध्ये शिरते त्याच मार्गाने सुरक्षेच्या दुरुस्त्याही येत असतात. खरे काम या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवण्याचे आहे: दुरुस्ती घ्यायची आणि विक्री नाकारायची. हे पूर्णपणे साधत नाही, पण बऱ्याच अंशी साधते, आणि त्यासाठी काय करायचे, कोणत्या क्रमाने करायचे, ते इथे सांगितले आहे. मेनूंची नावे इंग्रजीत ठेवलेल्या फोनवर दिसतात तशी दिली आहेत. फोन कोणत्या कंपनीचा आहे आणि त्यातली सिस्टिम किती नवी आहे यांनुसार त्यांत थोडाफार फरक पडेल.

हा त्रास मुळात येतो कुठून

ॲपलचे ॲप स्टोअर आणि गुगलचे अँड्रॉइड मार्केट, जे पुढे प्ले स्टोअर झाले, ही दोन्ही 2008 मध्ये सुरू झाली. सुरुवातीच्या काळात ॲप एकदा विकत घेतले, की त्यापुढची सगळी अपडेट मोफत मिळत. ग्राहकाला हे सोयीचे होते, पण पुढची मोठी आवृत्ती जुन्या ग्राहकाला सवलतीत विकण्याची व्यवस्थाच स्टोअरमध्ये नव्हती. त्यामुळे ॲप वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्याला नवे पैसे फक्त नव्या ग्राहकाकडूनच मिळत. 2016 मध्ये ॲपलने सर्व प्रकारच्या ॲपना सबस्क्रिप्शन विकण्याची मुभा दिली, आणि ग्राहक वर्षभर टिकला तर त्यानंतर स्टोअरचा वाटा 30 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर आणला. तेव्हापासून बनवणाऱ्यांचे सगळे लक्ष दर महिन्याला किंवा दर वर्षाला पैसे देणारा माणूस मिळवण्याकडे वळले, आणि असा माणूस शोधण्याची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे ॲप आधीपासून मोफत वापरणारे लोक.

पैसे मागणे हा गुन्हा नव्हे. ॲप लिहिणाऱ्यालाही पोट आहे, आणि चांगल्या ॲपसाठी पैसे मोजणे रास्तच आहे. आक्षेप आहे तो दुरुस्तीच्या नावाखाली जाहिरात आत आणण्याला, हाताला सवयीचे झालेले बटण हलवून त्या जागी विक्रीचे बटण ठेवण्याला आणि कालपर्यंत मोफत असलेली गोष्ट न सांगता कुलपात घालण्याला.

जाहिरात अपडेटमधून आली की सर्व्हरवरून

सेटिंग बदलण्याआधी हे तपासणे अत्यंत गरजेचे आहे आणि नेमके तेच बहुतेकांकडून राहून जाते. आजकालच्या कित्येक ॲपमध्ये जाहिरातीचे सगळे पडदे आधीच भरून ठेवलेले असतात. ते कोणाला, कधी आणि किती वेळा दाखवायचे याचा हुकूम कंपनीच्या सर्व्हरवरून येतो. एकाच ॲपची एकच आवृत्ती वापरणाऱ्या दोघांपैकी एकाला मुकुट दिसतो आणि दुसऱ्याला दिसत नाही, त्याचे कारण हेच. कोणत्या गटाकडून जास्त खरेदी होते याची ती चाचणी असते.

ओळखण्याची रीत सोपी आहे. स्टोअरमध्ये त्या ॲपचे पान उघडावे आणि शेवटचे अपडेट कोणत्या तारखेचे आहे ते पाहावे. अँड्रॉइडवर ती तारीख ‘अबाउट धिस ॲप’ या भागात तळाशी असते, तर आयफोनवर ‘व्हर्जन हिस्ट्री’ उघडली की मागच्या आवृत्त्यांची यादीच तारखांसह मिळते. नवी जाहिरात दिसू लागली तो दिवस आणि अपडेटची तारीख जवळजवळ असतील, तर दोष अपडेटकडे जातो आणि पुढच्या वेळी ते रोखून धरण्यात अर्थ आहे. महिनाभरात अपडेटच आलेले नसेल आणि तरीही काल नवा बॅनर उगवला असेल, तर तो सर्व्हरवरून आलेला आहे. अशा ॲपचे अपडेट बंद करून हाती काही लागत नाही, उलट सुरक्षेची दुरुस्ती तेवढी हुकते. तिथे नोटिफिकेशन आणि ॲपच्या आतली सेटिंग हेच दोन मार्ग उरतात.

अशा ॲपचे इंटरनेटच तोडण्याचा मार्ग काही जण सुचवतात. गणकयंत्र, अलार्म, फाइल वाचण्याचे साधन अशा ज्या ॲपला मुळात इंटरनेटची गरजच नाही, त्यांच्यापुरता तो चालतो. काही कंपन्यांच्या अँड्रॉइड फोनवर ॲपनिहाय मोबाइल डेटा आणि वाय-फाय दोन्ही बंद करता येतात. आयफोनवर साधारणपणे फक्त मोबाइल डेटाच बंद करता येतो. अँड्रॉइड 9 पासून आलेल्या ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये (संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणारी सेवा निवडण्याच्या सेटिंगमध्ये) जाहिराती गाळणारी सेवा घातली, तर बाहेरच्या जाहिरात कंपन्यांच्या जाहिराती बऱ्याच कमी होतात, मात्र ॲपची स्वतःची ‘प्रीमियम घ्या’ ही पाटी त्या चाळणीत अडकत नाही, कारण ती ॲपच्या आतच असते.

नोटिफिकेशन

सर्वांत कमी कष्टात सर्वांत जास्त शांतता इथे मिळते, म्हणून सुरुवात इथून करावी.

अँड्रॉइडमध्ये 2017 साली आलेल्या आठव्या आवृत्तीपासून प्रत्येक ॲपची नोटिफिकेशन वेगवेगळ्या चॅनेलमध्ये विभागलेली असतात. याचा उपयोग असा, की एखाद्या ॲपचे महत्त्वाचे निरोप चालू ठेवून फक्त विक्रीचे निरोप बंद करता येतात. नको असलेले नोटिफिकेशन आले, की ते बाजूला सारून टाकण्याची घाई करू नये. त्यावर बोट दाबून धरावे. ते कोणत्या चॅनेलमधून आले आहे ते लगेच दिसते आणि तेवढेच बंद करण्याचा पर्याय मिळतो. एरवी ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’, मग ते ॲप आणि ‘नोटिफिकेशन्स’ असे गेले तर चॅनेलची पूर्ण यादी उघडते. तिथे ‘प्रमोशन्स’, ‘ऑफर्स’, ‘टिप्स’, ‘रेकमेंडेशन्स’, ‘व्हॉट्स न्यू’ अशा नावांची चॅनेल निर्धास्तपणे बंद करावीत. पैशांचे व्यवहार, प्रवास, औषधाची वेळ किंवा लॉगिनचा कोड यांच्याशी संबंध असलेल्या चॅनेलला मात्र हात लावू नये.

काही ॲप सगळे निरोप मुद्दाम ‘जनरल’ किंवा ‘मिसलेनिअस’ अशा एकाच चॅनेलमध्ये कोंबतात, म्हणजे जाहिरात बंद करायला गेले तर कामाचा निरोपही बंद व्हावा. अशा ॲपचे चॅनेल ‘सायलेंट’ करावे. निरोप येतो, पण आवाज होत नाही आणि कामात व्यत्यय येत नाही. माझ्या मते ॲप ठेवावे की काढावे याची ही एक चांगली कसोटी आहे: ज्याने चॅनेल नीट वेगळी ठेवली आहेत त्याला वापरणाऱ्याची थोडी तरी कदर आहे.

अँड्रॉइड 13 पासून, म्हणजे 2022 पासून, नव्याने टाकलेल्या ॲपला नोटिफिकेशन पाठवण्याआधी परवानगी विचारावी लागते. नवे ॲप टाकताना ही परवानगी सुरुवातीला नाकारावी आणि खरोखर गरज भासली तर नंतर द्यावी; नंतर देणे एका मिनिटाचे काम आहे.

आयफोनवर सिस्टिमच्या पातळीवर अशी चॅनेल नाहीत, त्यामुळे जाहिरातीचे निरोप ॲपच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करावे लागतात. ॲपलच्या नियमावलीनुसार वापरणाऱ्याने स्पष्ट संमती दिल्याशिवाय नोटिफिकेशनमधून जाहिरात करता येत नाही, आणि ती थांबवण्याची सोय ॲपच्या आत असावी लागते. म्हणून ‘सेटिंग्ज’, ‘प्रेफरन्सेस’, ‘प्रोफाइल’ हे सगळे कोपरे एकदा शांतपणे शोधावेत. सोय असते, पण ती ठळक जागी ठेवलेली नसते. ती नसेल तर आयओएस 15 पासून असलेल्या ‘शेड्यूल्ड समरी’मध्ये ते ॲप टाकावे, म्हणजे त्याचे निरोप दिवसभर न टोचता ठरलेल्या वेळी एकत्र येतात.

ॲपच्या आत

नोटिफिकेशन थांबल्यावर उरतात ते पडदे आणि पाट्या. ॲपच्या सेटिंगमध्ये ‘शो टिप्स’, ‘पर्सनलाइज्ड ऑफर्स’, ‘प्रॉडक्ट न्यूज’, ‘सजेशन्स’ अशा नावांसमोर चालू-बंद करण्याच्या खुणा असतात. त्या काढून टाकाव्यात. मोठ्या अपडेटनंतर या खुणा पुन्हा तपासाव्यात, कारण अपडेटबरोबर नवी खूण येऊ शकते आणि ती आधीपासून चालू असू शकते.

आयफोनवर ॲपला तारे देण्याची विनंती वारंवार येत असेल, तर ॲप स्टोअरच्या सेटिंगमधले ‘इन-ॲप रेटिंग्ज अँड रिव्ह्यूज’ बंद केले की सगळ्याच ॲपच्या त्या अधिकृत विनंत्या थांबतात. विंडोज 11 मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘नोटिफिकेशन्स’ या पानाच्या अगदी तळाशी सूचना आणि सल्ले देण्याविषयीच्या खुणा आहेत, तर फायरफॉक्स ब्राउझरच्या सेटिंगमध्ये वापरत असताना फीचर सुचवण्याची आणि एक्स्टेंशन सुचवण्याची अशा दोन वेगळ्या खुणा आहेत. या सगळ्या काढल्या तरी काम कुठेच अडत नाही.

विक्रीचा पडदा उघडलाच, तर घाईने कुठेही बोट लावू नये. अँड्रॉइडवर मागे जाण्याची खूण केली की असे बहुतेक पडदे बंद होतात आणि फिकट फुली शोधत बसावे लागत नाही. मोफत चाचणीचे बटण दाबल्यावर पुढे बोटाचा ठसा किंवा चेहरा मागितला गेला, तर तिथेच थांबावे. ती चाचणीची परवानगी नसून मुदत संपल्यावर पैसे कापून घेण्याची परवानगी असते.

कोणते अपडेट घ्यावे, कोणते थांबवावे

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. ब्राउझर, ईमेल, निरोपांची आणि कॉलची ॲप, बँक आणि पैशांची ॲप, पासवर्ड सांभाळणारे ॲप आणि खुद्द फोनची सिस्टिम यांची अपडेट कधीही अडवू नयेत, मग त्यांतून कितीही जाहिराती येवोत. मे 2019 मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलच्या यंत्रणेत असा दोष उघडकीस आला होता, की फक्त एक कॉल करून, तो उचलला गेला नाही तरीही, समोरच्या फोनमध्ये हेरगिरीचे सॉफ्टवेअर घुसवता येत होते. त्यावर उपाय होता तो ॲप अपडेट करण्याचा. बाहेरून येणारा मजकूर, फाइल किंवा कॉल जे ॲप उघडते, त्याचे दरवाजे सतत दुरुस्त होत राहिले पाहिजेत.

याउलट इंटरनेटशिवाय चालणारे, संवेदनशील माहिती नसलेले ॲप, उदाहरणार्थ गणकयंत्र, एककांचे रूपांतर करणारे साधन, मोजपट्टी, टायमर किंवा आवाज रेकॉर्ड करणारे साधे ॲप, काही आठवडे जुन्या आवृत्तीवर राहिले तर सहसा बिघडत नाही. या दोन टोकांच्या मध्ये येणाऱ्या ॲपबद्दल मी एवढेच म्हणेन, की त्यांची अपडेट कायमची थांबवू नयेत, थोडी उशिराने घ्यावीत.

अँड्रॉइडवर हे फार सोपे आहे. प्ले स्टोअरमध्ये ॲपचे पान उघडावे, वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबावेत आणि ‘एनेबल ऑटो-अपडेट’ समोरची खूण काढावी. बाकीची ॲप आपोआप अपडेट होत राहतात आणि तेवढे एक थांबते. सगळ्यांसाठी एकच निर्णय घ्यायचा असेल तर प्रोफाइलचे चित्र, ‘सेटिंग्ज’, ‘नेटवर्क प्रेफरन्सेस’, ‘ऑटो-अपडेट ॲप्स’ असे जावे, पण वर सांगितलेल्या कारणासाठी एकेका ॲपची खूण काढणेच बरे. फोनमध्ये फोन बनवणाऱ्या कंपनीचे स्वतःचे दुसरे स्टोअर असेल, तर त्याच्या सेटिंगमध्येही पाहावे. प्ले स्टोअरमध्ये थांबवलेले ॲप या दुसऱ्या दाराने अपडेट झाल्याचे पुष्कळदा लक्षातच येत नाही.

आयफोनवर एकेका ॲपचे आपोआप अपडेट बंद करता येत नाही. एक तर सगळे, नाही तर काहीच नाही. ही मोठी उणीव आहे. आयओएस 18 मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’, ‘ॲप स्टोअर’ इथे, आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत ‘सेटिंग्ज’, ‘ॲप स्टोअर’ इथे, ‘ॲप अपडेट्स’ ही खूण आहे. ती काढायची असेल, तर आठवड्यातला एक ठरावीक दिवस नेमून त्या दिवशी अपडेटची यादी स्वतः पाहण्याची शिस्त लावून घ्यावी लागते: ॲप स्टोअर उघडावे, प्रोफाइलचे चित्र दाबावे, यादी खाली ओढून ताजी करावी, महत्त्वाची ॲप लगेच अपडेट करावीत आणि उरलेल्यांच्या अपडेटमध्ये काय बदलले ते सांगणारी टिपणे वाचून ठरवावे. ही शिस्त जमणार नसेल तर खूण चालूच ठेवावी.

टिपणे वाचून कळते तरी काय, असे कोणी विचारील. ‘किरकोळ दोष दूर केले आणि कामगिरी सुधारली’ एवढेच लिहिले असेल तर खरोखरच काही कळत नाही. म्हणून टिपणाऐवजी परीक्षणे वाचावीत, आणि तीही ‘मोस्ट रीसेंट’ या क्रमाने लावून. बटण कुलपात गेले असेल, जाहिराती वाढल्या असतील, तर लोक पहिल्या काही दिवसांतच तसे लिहितात. इथे थांबण्याचा फायदा मिळतो. ॲपल ॲप बनवणाऱ्यांना नवी आवृत्ती सात दिवसांत टप्प्याटप्प्याने सोडण्याची सोय देते: पहिल्या दिवशी आपोआप अपडेट घेणाऱ्यांपैकी 1 टक्का लोकांना, मग 2, 5, 10, 20, 50 आणि सातव्या दिवशी सगळ्यांना. प्ले स्टोअरवरही टक्क्यांनी आवृत्ती सोडता येते. त्यामुळे आठवडाभर वाट पाहिली, तर तोपर्यंत इतरांचा अनुभव वाचायला मिळतो आणि एखादा ठळक दोष राहिला असेल तर तोही बहुधा दुरुस्त झालेला असतो.

त्याच पानावर ‘इन-ॲप पर्चेसेस’ हा भागही पाहावा. आयफोनवर त्यात विकायला ठेवलेल्या गोष्टींची नावे असतात. पूर्वी फक्त एकरकमी खरेदी दिसत होती आणि आता मासिक, वार्षिक योजना दिसू लागल्या, तर ॲप कोणत्या दिशेने चालले आहे हे उघड आहे. नवे अपडेट एखादी नवी परवानगी मागत असेल तर आणखी सावध व्हावे. लाखो फोनमध्ये असलेले बारकोड वाचण्याचे एक साधे ॲप डिसेंबर 2020 मधल्या एका अपडेटनंतर आपणहून ब्राउझरमध्ये जाहिराती उघडू लागले होते. मालवेअरबाइट्स या कंपनीने ते उजेडात आणल्यावर प्ले स्टोअरने ते काढून टाकले, पण ज्यांच्या फोनमध्ये ते आधीच होते त्यांना ते स्वतःच काढावे लागले.

कधी कधी अडवून ठेवलेले ॲप ‘ही आवृत्ती आता चालणार नाही’ असे सांगून उघडायचेच नाकारते. तिथे हट्ट करण्यात अर्थ नाही. अपडेट घ्यावे आणि त्याच दिवशी आपली माहिती बाहेर काढण्याच्या तयारीला लागावे. ते कसे करायचे ते पुढे येईल.

जुन्या आवृत्तीवर परतता येते का

बहुधा नाही. अँड्रॉइड नव्या आवृत्तीवर जुनी बसवू देत नाही. आधी ॲप काढावे लागते आणि त्याबरोबर फोनमध्ये साठवलेला त्याचा डेटाही जातो. शिवाय जुन्या आवृत्तीची फाइल मिळवण्यासाठी जी अनधिकृत संकेतस्थळे धुंडाळावी लागतात, त्यांच्यावर भरवसा ठेवणे धोक्याचे आहे. फोनबरोबर आलेल्या ॲपसाठी ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ हा पर्याय असतो, पण तो ॲपला थेट कारखान्यातून आलेल्या आवृत्तीवर नेतो, आणि ती कित्येकदा दोन-तीन वर्षे जुनी, सुरक्षेच्या दृष्टीने कच्ची असते. आयफोनवर तर वापरणाऱ्याला आवृत्ती निवडण्याची मुभाच नाही. म्हणून परतण्याच्या खटपटीपेक्षा आधी थांबणे शहाणपणाचे.

पैसे देऊन घेतलेली सुविधा काढून घेतली तर

हा प्रकार जाहिरातीपेक्षा गंभीर आहे आणि इथे गप्प बसू नये. ॲपलची नियमावली सांगते, की एखादे ॲप सबस्क्रिप्शनकडे वळवले, तर आधीच्या ग्राहकांनी ज्यासाठी पैसे दिले आहेत ती मुख्य सुविधा त्यांच्याकडून काढून घेऊ नये. नोव्हेंबर 2021 मध्ये हस्तलिखित टिपणांचे नोटॅबिलिटी हे ॲप सबस्क्रिप्शनवर गेले, तेव्हा एकरकमी पैसे दिलेल्या जुन्या ग्राहकांना सगळ्या सुविधा फक्त एक वर्ष मिळतील असे जाहीर झाले होते. ग्राहकांनी जोरदार तक्रारी केल्या, नियमाकडे बोट दाखवले, आणि कंपनीने काही दिवसांतच माघार घेऊन जुन्या ग्राहकांच्या सुविधा कायम ठेवल्या. तक्रारीने काही होत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

तक्रार मात्र नेमकी हवी. ॲप कधी विकत घेतले ती तारीख, पावतीचा क्रमांक, आधीच्या आणि आताच्या आवृत्तीचा क्रमांक, नेमकी कोणती सुविधा गेली आणि काय करून हवे आहे, हे चार-पाच ओळींत लिहावे आणि कुलपात गेलेल्या बटणाचा स्क्रीनशॉट जोडावा. आधी ॲपच्या सेटिंगमधून ‘रिस्टोअर पर्चेस’ करून पाहावे, कारण कधी कधी खरेदीची नोंद तेवढी हरवलेली असते. मग ॲप बनवणाऱ्याला लिहावे. उत्तर आले नाही तर हेच मुद्दे स्टोअरवरच्या परीक्षणात मांडावेत. तिथे शिव्याशाप लिहून काही साधत नाही. ‘अमुक आवृत्तीनंतर अमुक सुविधा सशुल्क झाली’ हे एक साधे वाक्य पुढच्या शंभर जणांच्या उपयोगी पडते, आणि ॲप सुधारले तर परीक्षण बदलताही येते.

नकळत पैसे कापले गेले असतील तर वेळ दवडू नये. प्ले स्टोअरवर खरेदीनंतर 48 तासांच्या आत परताव्याची मागणी थेट गुगलकडे करता येते. त्यानंतर बहुधा ॲप बनवणाऱ्याकडेच जावे लागते. ॲपलच्या ग्राहकाला ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ या पानावर ॲपल खात्याने लॉगिन करून मागणी नोंदवता येते.

निघण्याची वाट मोकळी ठेवणे

या सगळ्या उपायांच्या मागे एक मोठी गोष्ट आहे, आणि ती म्हणजे ॲप सोडून जाता येण्याची ताकद. जो ग्राहक आपली माहिती घेऊन उद्या निघू शकतो, त्याच्या गळ्यात काहीही मारता येत नाही. टिपणे ठेवण्याच्या एव्हरनोट या ॲपने डिसेंबर 2023 मध्ये मोफत खात्याला 50 टिपणे आणि एक वही अशी मर्यादा घातली. जुनी टिपणे वाचायला आणि बाहेर काढायला मिळत होती, पण मर्यादा ओलांडलेल्या मोफत ग्राहकाला नवे टिपण लिहिता येत नव्हते. ज्यांच्याकडे टिपणांची प्रत आधीच काढून ठेवलेली होती त्यांना शांतपणे विचार करता आला. इतरांना आधी हजारो टिपणांचा गाडा हलवावा लागला.

म्हणून जे ॲप रोज वापरले जाते त्यातली माहिती दर दोन-तीन महिन्यांनी एक्स्पोर्ट करावी आणि ती ॲपच्या स्वतःच्या स्वरूपात न ठेवता कोणत्याही साधनात उघडणाऱ्या स्वरूपात ठेवावी: टिपणे साध्या टेक्स्टमध्ये, हिशेब सीएसव्हीमध्ये, कागदपत्रे पीडीएफमध्ये, संपर्क व्हीकार्डमध्ये. काढलेली फाइल एकदा दुसऱ्या ॲपमध्ये उघडून पाहावी. न तपासलेली प्रत असून नसल्यासारखीच. एक्स्पोर्टचे बटणच सशुल्क झालेले दिसले, तर ते ॲप सोडण्याचा निर्णय पुढे ढकलू नये.

पर्याय शोधताना खुल्या स्रोताच्या, म्हणजे ज्यांचा मूळ प्रोग्राम कोणालाही पाहता आणि बदलता येतो अशा, ॲपकडे आधी पाहावे. अँड्रॉइडसाठी 2010 पासून चालत आलेला एफ-ड्रॉइड हा संग्रह अशाच ॲपचा आहे. त्यात जाहिराती, पाळत ठेवणे अशा नकोशा गोष्टी असलेल्या ॲपवर तसा शेरा मारलेला असतो, आणि बऱ्याच ॲपच्या जुन्या आवृत्त्याही अधिकृतपणे मिळतात. खुला स्रोत हे विक्रीविरुद्धचे पूर्ण कवच नाही, पण तिथे सुटकेची वाट असते. सिम्पल मोबाइल टूल्स हा गॅलरी, कॅलेंडर, फाइल मॅनेजर अशा साध्या ॲपचा लोकप्रिय संच 2023 च्या अखेरीस दुसऱ्या कंपनीला विकला गेला, तेव्हा स्रोत खुला असल्यामुळे त्यावर काम करणाऱ्यांपैकीच काहींनी तो घेऊन फॉसिफाय या नावाने वेगळा संच चालू ठेवला. संगणकावर व्हिडिओ पाहण्याचे व्हीएलसी आणि कार्यालयीन कामाचे लिबरऑफिस ही दीर्घकाळ टिकलेली, सबस्क्रिप्शनशिवाय चालणारी उदाहरणे आहेत. अशा ॲपना जमेल तेवढी देणगी द्यावी. कोणीच काही दिले नाही तर तीही एक दिवस थकतील.

आणि सबस्क्रिप्शन असलेले ॲप काढायचे ठरले, तर ॲप पुसण्याआधी सबस्क्रिप्शन रद्द करावे. ॲप पुसल्याने सबस्क्रिप्शन थांबत नाही, पैसे कापले जातच राहतात. प्ले स्टोअरवर प्रोफाइलचे चित्र, ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’, ‘सबस्क्रिप्शन्स’ असे जावे; आयफोनवर ‘सेटिंग्ज’मध्ये सर्वांत वर असलेले आपले नाव दाबून ‘सबस्क्रिप्शन्स’ उघडावे. ॲपलकडची मोफत चाचणी मुदत संपण्याच्या किमान 24 तास आधी रद्द करावी लागते. पैसे कंपनीच्या संकेतस्थळावरून दिले असतील तर ते स्टोअरच्या यादीत दिसत नाहीत, तिथे त्या संकेतस्थळावर लॉगिन करूनच रद्द करावे लागते. रद्द झाल्याचा ईमेल आला की तो जपून ठेवावा, आणि पुढच्या महिन्याच्या खात्याच्या उताऱ्यात ती रक्कम पुन्हा वजा झालेली नाही ना, ते तपासावे.